समुद्रात पाणी नव्हतं

घंगाळ तांब्याचं होतं, नलिनीबाईंच्या माहेरून आलेलं, आणि ते न्हाणीत कमी अन् ओसरीवरच जास्त असायचं. खटकचिंचोळीच्या नरहर मास्तरांना मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास लिहायचा होता, आणि खटकचिंचोळीहून समुद्र इतका लांब, की गावातल्या कुणी तो पाहिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मग मास्तरांनी घंगाळाचाच दर्या केला. काठाशी चिकणमातीचे दोन बांध घालून खाडीचं तोंड करायचं, बाशिंगं करणाऱ्याकडून आणलेल्या हलक्या, तरंगणाऱ्या भेंडाची गलबतं कोरायची, त्यांना कागदाची शिडं लावायची, आणि लेकीला हाक मारायची.

"कुसुम, फुंकणी घेऊन ये गं. वारा पाहिजे."

चुलीपाशी बसलेली कुसुम फुंकणी घेऊन पळत यायची. वडिलांचा, तिच्या अण्णांचा, ती वारा होती.

"आता जमिनीकडून सोड. हळू. अगं हळू, तुफान कामून करायलीस?"

आतून नलिनीबाई म्हणायच्या, "पोरीचे गाल फुगून भोपळे व्हायलेत अन् इकडं चूल विझली. आज लढाईच जेवा दोघं."

मास्तर जेवायचे तेही लढाईतच. निजामाच्या सरकारी शाळेत ते उर्दूतून हिशेब आणि भूगोल शिकवीत. घरी आले की मोडी कागद. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला जात, एका ओळखीच्या वकिलाच्या माडीवर उतरत आणि जुन्या दप्तरांच्या नकला करून आणत. दरवर्षी निघताना ठरलेलं असे, की यंदा शेवटचा आठवडा राखून घाट उतरायचा आणि समुद्र बघून यायचा. आणि दरवर्षी त्याच आठवड्यात फडक्यात बांधलेला कागदांचा एखादा नवा रुमाल हाती लागे. कागद सोडून जाववत नसे.

"समुद्र कुठं पळून जायलाय?" ते परत आल्यावर म्हणत. "तो आहे तिथंच आहे. कागदाला मात्र वाळवी लागायलीय."

नलिनीबाई त्यांचे मळके कपडे काढून भिजत घालत. 

अशाच एका रुमालात सोमाजी पालव सापडला. आरमारातला एक लहानसा सरदार. टोपीकरांची, म्हणजे गोऱ्यांची, मालाची जहाजं किनाऱ्यालगत जाणार होती. सोमाजीनं पहाटेच आपली गलबतं खाडीतून काढून त्यांची वाट अडवायची, असा हुकूम होता. वारा जमिनीकडून, म्हणजे अगदी हवा तसा. पण सोमाजी निघालाच नाही. बाहेर त्याची वाट पाहत असलेली दोन गलबतं एकटी पडली आणि माणसांसकट बुडाली. सोमाजी खाडीबाहेर आला तो ऊन चढल्यावर. पुढं चौकशी झाली. तीत त्याच्या जबानीची एकच ओळ होती: पाणी नव्हते, सबब राहिलो. त्याचं वतन जप्त झालं. त्यानंतर सोमाजीविषयी एकही कागद नव्हता.

मास्तरांनी ही लढाई घंगाळात मांडली तो दिवस कुसुमला चांगला आठवत होता. तिनं जीव लावून फुंकलं होतं. भेंडाचं गलबत मातीच्या बांधांमधून सुरकन निघालं आणि घंगाळाच्या पलीकडच्या कडेला टणकन लागलं.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे लकाकत होते. "पानाला चुना लावायला वेळ लागतो, तेवढ्यात बाहेर. अन् हा बहाद्दर म्हणतो, पाणी नव्हतं."

भरती-ओहोटी हे शब्द त्यांना ठाऊक नव्हते असं नाही. भूगोलाच्या पुस्तकात ते होतेच. चंद्राचं चित्रही होतं. पण त्यांच्या पाहण्यातलं पाणी म्हणजे मांजरा नदी. ती पावसाळ्यात चढायची आणि दिवाळीनंतर उतरायची. पाणी दिवसात दोनदा उठून जातं आणि माघारी येतं, ही गोष्ट पुस्तकात वाचूनही त्यांच्या अंगात कधी भिनली नव्हती. लाट येते, लाट जाते, तसंच ते थोडं मागंपुढं होत असेल, अशी त्यांची समजूत. म्हणून त्यांनी हात राखला नाही. प्रकरणाच्या शेवटी लिहिलं: 'समुद्रात पाणी नव्हते, असे सांगणारा हा जगातील पहिलाच दर्यावर्दी.'

पुस्तक सोलापूरला छापलं गेलं. निजामाच्या मुलखातल्या एका खेड्यातल्या मास्तरानं आरमारावर ग्रंथ लिहिला, ह्याचंच लोकांना नवल. पुण्याच्या मासिकांत परीक्षणं आली. सोलापुरात शाल घातली. आणि प्रत्येक ठिकाणी, परीक्षणात काय अन् भाषणात काय, ते एक वाक्य यायचंच. लोक हसायचे. मास्तर खाली बघून मिशीतल्या मिशीत हसायचे.

गावातही ते वाक्य पोचलं. पेठेत शिवशंकरप्पांचं कापडाचं दुकान होतं. मास्तरांचे ते लहानपणापासूनचे सोबती. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण वाक्य पाठ केलं होतं. उधारीचं गिऱ्हाईक कारणं सांगायला लागलं की ते गज खाली ठेवून म्हणायचे, "कामून? समुद्रात पाणी नव्हतं?" तिथून ते बाजारात गेलं, बाजारातून औरादच्या मोटारीत बसलं, मळणीच्या खळ्यावर उतरलं. पोरगं शाळेत उशिरा आलं की पोरंच ओरडायची. सून पाण्याला गेली अन् रिकामी घागर घेऊन आली की सासू म्हणायची. ज्यांनी समुद्राचं चित्रही पाहिलं नव्हतं अशा लोकांच्या तोंडी सोमाजीची फजिती बसली.

कुसुमला त्याचा फार अभिमान वाटायचा. आतल्या आत तिला वाटायचं, अर्धं वाक्य आपलं. फुंकलं कोणी होतं?

तिचं स्थळ पाहताना मास्तरांनी मुलाचा पगार विचारला नाही. मुलगा, श्रीनिवासराव, सोलापूरकडचा, टपालखात्यात, आणि नोकरी कोकणात कोंडबंदर नावाच्या गावी, खाडीच्या काठी. एवढं ऐकल्यावर मास्तर नलिनीबाईंना म्हणाले, "माझ्यानं जाणं झालं न्हाई. लेक तरी दर्याकाठी नांदू दे."

"व्हय, अन् लेकीला खारं पाणी प्यावं लागलं तर?" नलिनीबाई म्हणाल्या. पण लग्न झालं.

कोंडबंदरला येऊन आठवडा झाला नसेल. सकाळी भांडी घासून कुसुम परसदारी राख टाकायला गेली आणि तशीच उभी राहिली. काल संध्याकाळी जिथं काठोकाठ पाणी होतं तिथं काही नव्हतं. काळा चिखल पसरलेला, मधून पाण्याची एक बारीक रेघ, आणि मोठाली गलबतं कुशीवर पडलेली, म्हशी बसाव्यात तशी. जमिनीकडून छान वारा सुटला होता. एका गलबतावर सुकत टाकलेलं धोतर फडफडत होतं.

घरात येऊन तिनं नवऱ्याला विचारलं, "पाणी कुठं गेलं हो?"

श्रीनिवासराव हसले. "जाईल कुठं? दुपारी येईल की."

तीही हसली. मग भात वाढता वाढता तिला सोमाजीची ओळ आठवली. श्रीनिवासरावांनी वर पाहिलं. त्यांनी पुस्तक वाचलं होतं. सासऱ्यांचं म्हणून वाचलं होतं. त्यांच्याही लक्षात आलं असावं.

"अण्णांना कळवायचं का?" त्यांनी विचारलं.

"नको, पत्रात नको," कुसुम म्हणाली. "भेटले की मीच सांगते."

भेट झाली ती दिवाळसणाला. घरात पाऊल ठेवते तो मास्तर ओसरीवर कागद पसरून बसलेले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती. सोलापूरहून कच्ची छापील पानं आली होती, आणि अण्णांचा चेहरा, लग्नघरातल्या म्हाताऱ्याचा असतो तसा, उगाचच फुललेला.

"ये, ये. आता तू दर्याकाठची झालीस. आमच्यापेक्षा तुझा अधिकार मोठा." त्यांनी सोमाजीच्या प्रकरणाची पानं तिच्या हातात दिली. "वाच. काही खटकलं तर सांग. अजून बदल करता येतोय."

कुसुम उंबऱ्यात बसून वाचायला लागली. शेजारच्या बायका तिची नवी साडी हात लावून बघत होत्या. शिवशंकरप्पा ओसरीच्या पायरीवर बसून पान जुळवत होते. "वाच, अक्का, मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "त्या पाण्याचं वाच."

तिनं वाचलं. वाक्य आलं तसे सगळे हसले, आतून नलिनीबाईसुद्धा. अण्णांनी मान खाली घातली आणि मिशीत हसले. कुसुमच्या ओठावर आलं होतं. अण्णा, तिथं खरंच पाणी नसतं, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर शिवशंकरप्पा, बायका, आणि ज्याला आयुष्यात एकदाच शाल मिळाली तो आपला बाप. उद्या सांगू, एकटे असताना सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं.

"मग? काही खटकलं?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई अण्णा. छान झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा पानं भालकीच्या टपालात पडायला निघूनही गेली होती. तिला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. पुढं किती वर्षं ते सुटल्यासारखं वाटणंच तिला टोचत राहिलं.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. मुलगी झाली. इंदू. बाळंतिणीला लेकरासकट सासरी पोचवायचं म्हणजे माहेरचं माणूस पाहिजे; तिला न्यायला-पोचवायला नेहमी मामा जायचे, ते आजारी पडले. मास्तरांनी रजा टाकली आणि म्हणाले, "मीच जातो."

 गाडीत बसल्यापासून मास्तर लहान पोरासारखे झाले होते. पुणं गेलं, घाट उतरला, हवा दमट झाली, तशी ते दर वळणावर मान काढून बघायचे. "वास यायलाय का गं? मीठ आल्यासारखा?" इंदू मांडीवर कुरकुरत होती, कुसुम तिला पदराखाली घेत होती, आणि वाटभर एकच विचार करत होती: आपण संध्याकाळी पोचू दे, देवा, पाणी असताना.

तसंच झालं. मोटार थांबली तेव्हा खाडी भरलेली होती, उन्हानं सगळी पिवळी. मास्तर चपला काढून पाण्यात घोट्याएवढे गेले, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, आणि थोडं चाखून बघितलं. तोंड वेंगाडलं. "खारंच आहे की," ते म्हणाले आणि इतके हसले, की श्रीनिवासरावांनाही हसू आवरेना.

सकाळी इंदूला तेल लावायला घेतलं होतं. सगळं अंग तेलानं बुळबुळीत, पाणी तापलेलं, आणि मास्तर परसदारानं बाहेर पडताना कुसुमनं पाहिलं.

"अण्णा, चहा घेऊन जा की," ती म्हणाली.

"येतो. दर्या बघून येतो."

तिनं उठायचं म्हटलं तर लेकराला कुठं ठेवणार? घाईघाईनं तिनं पाणी घातलं, पुसलं, गुंडाळलं. धुरी राहिली, काजळ राहिलं. इंदूला छातीशी धरून ती काठाशी आली तेव्हा अण्णा एका दगडावर बसले होते. समोर चिखल. गलबतं कुशीवर पडलेली. जमिनीकडून वारा वाहत होता, फुंकणीतून सोडावा तसा सरळ.

ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली.  चिखलात बगळे फिरत होते. खूप वेळानं पाण्याची ती बारीक रेघ जरा रुंद झाली. मग पाणी आवाज न करता वर यायला लागलं, आणि कुठल्या तरी क्षणी जवळचं गलबत जरा हललं, सरळ झालं, आणि तरंगायला लागलं. ऊन चांगलं चढलं होतं.

"हे रोज होतं?" मास्तरांनी विचारलं.

"रोज. दोनदा."

"सगळ्याच खाड्यांत?"

"सगळ्या, अण्णा."

त्यांनी तरंगणाऱ्या गलबताकडे पाहिलं. मग म्हणाले, "वतन गेल्यावर कुठं गेला असंल गं तो?"

त्या घटकेला ती सांगू शकली असती, की अण्णा, मला ठाऊक होतं. पण इंदू भुकेनं रडायला लागली आणि कुसुम तिला घेऊन घरात गेली. लेकराचं कारण फार चांगलं असतं. त्याच्याआड कितीतरी गोष्टी लपतात.

मास्तर ठरल्यापेक्षा आधीच परत निघाले, सोलापूरला उतरायचं म्हणून. प्रकाशकांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. महायुद्ध चालू होतं, कागद मिळत नव्हता, तिसऱ्या आवृत्तीचं नावही काढता येत नव्हतं. "आणि मास्तर," ते म्हणाले, "ते वाक्य काढलं तर पुस्तक कोण मागणार?" मास्तरांनी हे कुसुमला पत्रानं कळवलं. पत्राच्या खाली आशीर्वाद होता आणि इंदूला किती दात आले अशी चौकशी.

नंतर पत्रंही आटली. देश स्वतंत्र झाला आणि खटकचिंचोळी आहे तिथंच राहिली, निजामाच्या राज्यात. सरहद्दीवर नाके बसले. रझाकारांच्या भीतीनं कितीतरी घरं कुलपं लावून सोलापूर-बार्शीकडे निघून गेली. मास्तर गेले नाहीत. झडतीच्या धास्तीनं नलिनीबाईंनी एका दुपारी मोडी नकलांचे सगळे गठ्ठे चुलीत घातले. सोमाजीची ती ओळही त्यातच गेली. कुसुमला हे सगळं उशिरा कळलं, कुणाकुणाच्या तोंडून. ती कोंडबंदरला रोज तुळशीला पाणी घालताना आईवडिलांचं नाव घ्यायची आणि खाडीकडे बघायचं टाळायची.

भारताच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. त्याच दिवाळीला श्रीनिवासरावांनी तिला आणि इंदूला सोलापूरपर्यंत पोचवलं आणि पुढच्या मोटारीत बसवून दिलं.

अण्णा पार वाळले होते. सदरा खांद्यावर नव्हे, खुंटीवर अडकवल्यासारखा दिसत होता. नलिनीबाईंनी लेकीला पोटाशी धरलं, नातीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि डोळे पुसता पुसताच गाऱ्हाणं सुरू केलं.

"बघ, घंगाळाला भोक पाडलंय तुझ्या अण्णांनी. माझ्या आईनं दिलेलं घंगाळ. दिवाळीचं अभ्यंग आता बादलीत करायचं."

"भोक? कामून?"

"त्यांनाच विचार. येईल त्याला धरून दाखवायलेत."

खरंच होतं. घंगाळाच्या तळाला बोटभर भोक होतं आणि ते बुजवायला लाकडाची गुडदी. मास्तर आलेल्या-गेलेल्याला बसवत. भेंडाचं गलबत मातीच्या बांधाआड ठेवत, गुडदी काढत, आणि पाणी खाली जाऊन गलबत तळाला टेकलं की म्हणत, "आता काढा ह्याला बाहेर. फुंका किती फुंकायचं ते." लोक फुंकत. करमणूक म्हणून पुन्हा पुन्हा फुंकत. मग उठून पेठेत जात आणि पहिल्याच माणसाला म्हणत, "कामून रे, समुद्रात पाणी नव्हतं?" त्यांच्या मनात ह्या दोन गोष्टींची गाठ पडतच नव्हती.

"मास्तर, तुमचा दर्या गळायलाय," शिवशंकरप्पा म्हणायचे. "कल्हईवाल्याला दाखवा."

अण्णा त्यावर नुसते हसायचे. पूर्वीचं मिशीतलं हसू त्यात नव्हतं.

पाडव्याच्या दिवशी दुपारी त्यांनी इंदूला घंगाळापाशी बसवलं. कुसुम जवळच वाती वळत होती. गलबत ठेवलं, गुडदी काढली, पाणी सरसर उतरलं, गलबत कलंडलं.

"हं, आता काढ बरं बाहेर," आजोबा म्हणाले आणि फुंकणी तिच्यापुढं धरली.

इंदूनं फुंकणी घेतली नाही. गालाला हात लावून ती निवांत बसली. "थांबा की आजोबा," ती म्हणाली. "पाणी येऊ दे."

मास्तर हसले. "वा गं वा! हिला कुणी शिकवलं, कुसुम?"

"कुणी न्हाई, अण्णा," कुसुमच्या तोंडून निघून गेलं. "तिथं लेकरांनाही ठाऊकच असतं."

 अण्णांनी फुंकणी खाली ठेवली.

"तुलाही असंल मग," ते म्हणाले.

"व्हय."

"कधीपासून?"

"गेल्या गेल्या. आठवड्याच्या आतच."

मास्तरांनी मनातल्या मनात मागं जाऊन पाहिलं. तिला ते दिसलं. त्यांची नजर उंबऱ्यावर गेली, जिथं ती नवी साडी नेसून बसली होती.

"पानं मी तुझ्या हातात दिली होती."

"व्हय अण्णा."

"मी विचारलं होतं, काही खटकलं का म्हणून."

 तिची मान तेवढी हलली. इंदूला काय झालं ते कळेना. तिनं ओले हात आईच्या पदराला पुसले.

अण्णा म्हणाले, "मी मानलंही नसतं कदाचित. शिवशंकरप्पासमोर म्हणलो असतो, पोरीला काय कळतंय."  कुसुमला वाटलं, एवढ्यावर ते सोडून देतील. तिचं मन तिथंच आसरा शोधायला धावलं होतं. पण ते म्हणाले, "तरी तू सांगायला पाहिजे होतंस, बाळ. सोमाजीच्या बाजूनं सांगणारं दुसरं कुणी नव्हतं."

रागानं म्हणाले असते तर तिला रडता आलं असतं. त्यांनी गुडदी उचलून भोकात बसवली आणि अंगठ्यानं दाबत राहिले.

"मी लिहू का आता?" तिनं विचारलं. "मासिकाला पाठवते. खाडी कशी असते, पाणी कसं जातं, सगळं लिहिते."

"लिही." त्यांनी इंदूच्या डोक्यावर हात ठेवला. "कागद जळाला म्हणावं, पण ओळ आठवते. अन् हे बघ, माझ्यासारखं चटकदार वाक्य करू नको. साधं लिही."

साधं लिहिलेलं कुणाच्या तोंडी बसत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. 

परत निघायच्या दिवशी अण्णा मोटारीपर्यंत आले नाहीत. दम लागत होता. ओसरीवरूनच त्यांनी हात केला. मोटार भरली होती आणि सुटत नव्हती, कारण ड्रायव्हर कुठं गेला होता कुणास ठाऊक. बऱ्याच वेळानं तो तोंड पुसत आला तसा मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "कामून एवढा वेळ, मामू? समुद्रात पाणी नव्हतं?"

सगळी मोटार हसली. इंदूही हसली, सगळे हसले म्हणून.

कुसुमच्या शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर बोरांची टोपली घेऊन. तीही हसत होती. कुसुम तिच्याकडे वळली.

"तसं खरंच होतं, मावशी," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तिथं पाणी नव्हतंच. दिवसात दोनदा जातं अन् दोनदा येतं. मी बघितलंय."

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठलं पाणी गं बाई?"

कुसुमनं सांगितलं. खाडी सांगितली, चिखल सांगितला, सोमाजी सांगितला, बाहेर वाट बघत बुडालेली दोन गलबतं सांगितली. मोटार खडखडत होती, निम्मं ऐकू जात नव्हतं, मधेच इंदूला तहान लागली. म्हातारी मान हलवत होती.

"मग निघाला का न्हाई तो शेवटाला?" तिनं विचारलं.

"निघाला की. पाणी आलं तसा लगेच निघाला. पण तवर उशीर झालता."

"उशीर झाला म्हणल्यावर लोक बोलणारच, माय," म्हातारी म्हणाली, आणि टोपलीतून चार बोरं काढून इंदूच्या हातावर ठेवली.

 मागं अजून कुणीतरी तेच वाक्य ड्रायव्हरला पुन्हा ऐकवत होतं. कुसुमनं इंदूला मांडीवर सरळ केलं, तिच्या बोरांच्या बिया आपल्या तळहातावर घेतल्या, आणि मागच्या बाकाकडे तोंड वळवलं.

"अहो दादा," ती म्हणाली, "जरा ऐकता का?"